थिबा पॅलेस, रत्नागिरी: दहा मिनिटांत बघून व्हायची जागा नाही ही

मी रत्नागिरीचाच, आणि सुतार माणूस. वडिलांपासून हाच धंदा, हल्ली नवीन फर्निचरपेक्षा जुन्या घरांच्या दार-खिडक्यांची दुरुस्ती जास्त येते. त्यामुळे हा रिव्ह्यू लाकडाकडे झुकलेला वाटेल, वाटू दे. थिबा पॅलेसबद्दल ऑनलाइन जे वाचलं त्याने जीव तुटला म्हणून लिहायला बसलोय. "खास काही नाही", "१० मिनिटं पुरे", "जुनी इमारत आहे, बाकी काय". अरे बाबांनो, जुनी इमारत आहे हेच तर बघायचंय ना.

निमित्त झालं भाच्याचं. त्याला कंपनीने फ्रान्सला पाठवलेलं, दोन वर्षं राहून आला, गणपतीला घरी आला तर मोबाइलमध्ये नुसते तिकडच्या राजवाड्यांचे फोटो. लुआर नदीच्या पट्ट्यात म्हणे गावोगाव असे वाडे आहेत, त्यातला शनाँसो नावाचा एक तर चक्क नदीवर बांधलेला, खाली कमानी, कमानींखालून शेर नदीचं पाणी वाहतंय आणि वरती ६० मीटर लांबीची गॅलरी. फोटो बघून मीही गप्प झालो, खोटं कशाला बोलू. १५१३ ला काम सुरू, मूळ बांधकामावर देखरेख केली मालकाच्या बायकोने, कॅथरीन ब्रिसोनेने, नंतर राजाने तो आपल्या प्रेयसीला, डियान द प्वातिएला दिला, तिने नदीवर पूल बांधला, राजा गेल्यावर राणी कॅथरीन द मेदिचीने तिला बाहेर काढून त्याच पुलावर ती गॅलरी चढवली. म्हणजे बायकांनी उभा केलेला वाडा. पहिल्या महायुद्धात त्या गॅलरीत जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात ती शेर नदीच दोन भागांतली सीमा होती, तेव्हा गॅलरीच्या एका टोकाला जर्मनांचा ताबा आणि दुसऱ्या टोकाचं दार मोकळ्या बाजूला उघडायचं, त्या दारातून माणसं निसटली. मुलगा डोळे मोठे करून सांगत होता आणि शेवटी सहज बोलून गेला, "मामा, आपल्या कोकणात असं काही नाही ना."

मी म्हटलं, चल, गाडी काढ.

तर थिबा पॅलेस. शहरातच आहे, उंचावर, स्टँडवरून रिक्षाने पटकन पोचता, कोणालाही विचारा, सांगतील. सोमवार सोडून जा आणि शक्यतो सकाळी जा, कारण सकाळी पर्यटकांच्या बस आलेल्या नसतात. आम्ही आत शिरलो आणि थोड्याच वेळात एक टूरची बस आली, टूरवाल्याने लोकांना बसमध्येच ओरडून सांगितलं, पंधरा मिनिटं, फोटो काढा आणि या. बिचारी माणसं कुठून कुठून आलेली, म्हातारी माणसं होती त्यात, पायऱ्या चढून वर जाईपर्यंतच पंधरा मिनिटं संपली त्यांची. अशी माणसं मग घरी जाऊन खास काही नाही असंच लिहिणार, त्यांचा काय दोष.

आधी बाहेरच थांबा. पोर्चसमोर उभं राहून सगळी इमारत नजरेत घ्या. तीन मजली, लाल, उतरती छपरं, आणि ओळीने अर्धगोल महिरपीच्या खिडक्या. भाच्याला मी पहिलं भिंतीचा दगड दाखवला. आपला जांभा. कोकणातल्या माणसाला जांभ्याचं काय कौतुक, बांध जांभ्याचा, विहीर जांभ्याची, शाळा जांभ्याची, मंदिराचं जोतं जांभ्याचं. पण ही गंमत लक्षात घ्या की चिरा खाणीतून काढतात तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, पूर्वी तर हत्याराने माणसं नुसती कापून काढायची, आणि तोच चिरा उन्हा-वाऱ्यात पडला की वर्षागणिक कडक होत जातो. हे ऐकून भाचा म्हणाला, तिकडे लुआरच्या वाड्यांचा दगड, टुफो म्हणतात त्याला, तोही असाच, पांढरा, मऊ, म्हणून तर त्यावर एवढं बारीक कोरीव काम करता आलं. त्यांचा पांढरा, आपला तांबडा. जांभ्यावर बारीक नक्षी नाही निघत, भोकाभोकाचा दगड तो, कोपरा सुद्धा धारदार येत नाही. म्हणून इथे नक्षीची सगळी हौस लाकडात भागवलीय. हे मला तरी आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं, त्या दिवशी दोघं बोलता बोलता समजलं.

आता लाकूड. इथेच मी पाऊण तास होतो.

खिडक्यांना जे लाकूड आहे ते बर्मी साग, आमच्या धंद्यात बर्मा टीक. ज्याने हे लाकूड कधी रंध्याखाली घेतलंय त्याला वेगळं सांगायला नको, तेलकट असतं, हाताला गुळगुळीत लागतं, वाळवी सहजासहजी तोंड लावत नाही, पावसाळ्यात फुगून झडप अडकत नाही. आपल्याकडे घरांना फणस, आइन, किंजळ वापरायचे, तेही चांगलंच, पण हे वेगळं. वरच्या मजल्यावर एका खिडकीपाशी मी उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो आणि महिरपीच्या वळणावर जिथे दोन तुकडे जोडलेत तो सांधा शोधायला लागलो. अर्धगोल महिरप अखंड लाकडातून नाही निघत, नस, म्हणजे लाकडातल्या उभ्या रेषा, तुटते आणि लाकूड तिथेच चिरतं, त्यामुळे तुकडे पाडून गोलाईत बसवावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याची नस बघून बसवावी लागते. शोधतोय शोधतोय, सांधा दिसेना. शेवटी रंगाचा बारीकसा फरक दिसला, नखाएवढा, तिथे होता. नख जाईल एवढी सुद्धा फट नाही. शंभराच्या वर पावसाळे खाल्लेत त्या सांध्याने आणि रत्नागिरीचा पाऊस म्हणजे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, त्यात खालून समुद्राचा खारा वारा. मी आज लावलेली खिडकी चार वर्षांनी बघायला लोक बोलावतात. ज्या कुणी ते काम केलं त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही पण त्या माणसाचा हात बघून मला भरून आलं, हे मनापासून लिहितोय.

खिडक्यांना रंगीत काचा आहेत, ऊन आलं की रंग आत उतरतात. वर नाचाच्या दालनाला संगमरवराची फरशी आहे. आत पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, थिबा राजाच्या काळातल्या वस्तू आहेत, त्या शांतपणे बघा. पण वस्तूंपेक्षा घरच मोठी वस्तू आहे असं मला वाटतं.

आणि घर कोणाचं, हे माहीत नसेल तर खरंच दहा मिनिटांत कंटाळाल, म्हणून थोडक्यात सांगतो.

थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा, आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८७८ ला गादीवर आला, राजधानी मंडाले, तिथला त्याचा राजवाडा सगळा सागवानी. इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश आधीच घेतलेला, वरचा राहिला होता. १८८५ च्या जानेवारीत थिबाच्या माणसांनी पॅरिसमध्ये फ्रान्सशी करार केला आणि तिकडून इंग्रजांच्या पोटात दुखायला लागलं. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो चाट, म्हणाला, म्हणजे फ्रेंचांपायी राजा रत्नागिरीत आला? म्हटलं, नुसते फ्रेंच नव्हे, लाकूड पण. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणून कंपनी तिकडच्या जंगलातून साग काढायची, तिने ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला असं म्हणत राजाच्या दरबाराने २३ लाख रुपयांच्या आसपास दंड ठोठावला. इंग्रजांना तेवढंच निमित्त पुरलं. नोव्हेंबरात फौज निघाली, महिना संपायच्या आत सगळं आटोपलं, राजा-राणीला बैलगाडीतून इरावती नदीपर्यंत नेलं आणि बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरी.

सागाच्या ओंडक्यांवरून ज्याचं राज्य गेलं त्याच्या बंदिवासातल्या घराच्या खिडक्या बर्मी सागाच्या. मी एवढी वर्षं सागावर रंधा मारतोय, हे त्या खिडकीपाशी उभं असताना डोक्यात आलं आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचेना.

रत्नागिरीच का, तर कोपऱ्यात म्हणून. रेल्वे नाही, ती आपल्याकडे आली १९९० नंतर, येणं-जाणं समुद्रातून, आणि पावसाळ्यात बोटी बंद म्हणजे चार महिने जगाशी संबंध तुटला. राजा कुठे पळणार. आधी बरीच वर्षं त्याला दुसऱ्या बंगल्यांत ठेवलेलं, हा राजवाडा त्याला मिळाला १९१० साली, म्हणजे यायला २४ वर्षं होऊन गेल्यावर. आराखड्यात त्याने स्वतः लक्ष घातलं होतं. विचार करा, माणूस बंदिवान आहे, परवानगीशिवाय गावाबाहेर जायचं नाही, पेन्शनवर जगतोय, देशात परत जाण्याची आशा नाही, आणि तो बसून स्वतःच्या कैदेचं घर कसं असावं ते ठरवतोय, छप्पर कसं, महिरप कशी, खिडक्या किती. आणि खिडक्या ठेवल्या भरपूर. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. राजा गच्चीवरून दुर्बिणीने बोटी बघत बसायचा असं गावात सगळे सांगतात. मी त्याच बाजूच्या खिडकीतून बघितलं, आज मधे झाडं आणि इमारती आल्यात, तरी पाणी कुठे आहे ते कळतं.

या घरात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६ च्या डिसेंबरात गेला, वय ५७. राणी सुपयालत आणि मंडळी १९१९ ला रंगूनला परत गेली. थोरली राजकन्या मात्र परत इथेच आली, रत्नागिरीतल्याच माणसाशी तिचं जुळलेलं, १९४७ ला ती इथेच वारली. तिची मुलगी टूटू, तिला गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी बघितलेलं आहे, मराठी बोलायची, आपल्यासारखंच साधं आयुष्य काढलं तिने. धाकटी राजकन्या तर जन्मलीच रत्नागिरीत, १८८७ ला. कुठला मंडाले आणि कुठलं रत्नागिरी.

आणि याच्याच उलट आपले टिळक. जन्म रत्नागिरीचा, १८५६, आणि १९०८ ला इंग्रजांनी शिक्षा देऊन पाठवले कुठे तर मंडालेला, १९१४ पर्यंत तिथल्या तुरुंगात. म्हणजे थिबा या नव्या घरात राहायला आला तेव्हा रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा माणूस रत्नागिरीत कैदी. टिळकांचं जन्मघर गावातच आहे, ते आणि हे एकाच दिवशी बघा, हा माझा आग्रह समजा. आधी टिळकांचं घर बघा, कोकणातलं साधं कौलारू घर, मग इथे या. आम्ही उलटं केलं आणि ते चुकलंच.

भाचा शेवटी एका गोष्टीवर अडला. म्हणाला, पण मामा तिकडे शनाँसोत एकामागून एक माणसं राहत गेली, प्रत्येकाने काहीतरी वाढवलं, म्हणून ती गंमत आहे, इथे एकाच माणसाने सहा वर्षं राहून सोडलं. बरोबर आहे त्याचं. तिथे एका राणीची खोली आहे म्हणे, लुईझ नावाची, नवरा १५८९ ला मारला गेला तेव्हापासून ती तिथे पांढऱ्या कपड्यात बसून राहिली, खोलीच्या भिंती काळ्या आणि त्यावर शोकाच्या खुणा रंगवलेल्या. त्याच्या मोबाइलमध्ये होता फोटो. मी तो बघितला आणि त्याला म्हटलं, इथे भिंती काळ्या नाही केल्या, पण हे सगळं घर तसंच आहे, वाट बघायला बांधलेलं. तो काही बोलला नाही, परत वरच्या मजल्यावर गेला.

अजून एक सांगायचं राहिलं. मंडालेचा तो मूळ सागवानी राजवाडा आता नाही. १९४५ ला, दुसऱ्या महायुद्धात, जळून खाक झाला, हल्ली तिथे आहे तो नंतर नव्याने बांधलेला. जुन्यातली एक मोठी सागवानी इमारत तेवढी वाचली, कारण थिबाने स्वतःच राज्यावर असताना ती वाड्यातून उचकटून बाहेर नेऊन मठ म्हणून उभी केलेली, कारण त्याचे वडील तीत वारले होते. सागवानी इमारत अशी सुटी करून परत जोडता येते, लाकडी कामाची हीच खासियत, आमच्याकडे सुद्धा जुन्या घरांचे माजघराचे खांब, तुळया, दारं सोडवून नवीन घरात बसवतात, मीच बसवलीत कितीतरी. तेव्हा राजाने राज्यावर असताना उचलून नेलेला तो मठ आणि राज्य गेल्यावर बांधलेलं हे आपल्याकडचं घर, दोन्ही अजून उभी आहेत.

बाहेरच्या देशातल्या माणसांना याची किंमत कळते. २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन गेले, २०१६ ला राजाला जाऊन १०० वर्षं झाली तेव्हाही तिकडची मोठी माणसं आलेली. राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे, त्याची आणि धाकट्या राणीची शेजारी शेजारी. आजूबाजूला घरं, बिल्डिंगा. जा तिथे पण, पाच मिनिटं का होईना उभे राहा. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला पुरलाय, ब्रह्मदेशचा शेवटचा राजा आपल्या रत्नागिरीत. इंग्रजांनी दोघांची अदलाबदल केल्यासारखं केलं.

आता थोडं कळकळीचं. लाकडावर नावं कोरू नका हो. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, बाणवाला बदाम आणि दोन अक्षरं, किल्लीने ओरबाडलेली, शंभर वर्षांच्या सागावर. रंगावरचा ओरखडा निघतो, पण ओरबाडल्यावर लाकडाची नस तुटते, त्यात पावसाची ओल धरते, बुरशी येते, आणि तिथून कुजायला सुरुवात होते. ते परत भरता येत नाही. लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तरी आतून ते पोकळच राहतं. मुलांना घेऊन जाल तेव्हा आधीच सांगा, हात पाठीमागे बांधून बघायचं. माझे वडील आम्हाला दुसऱ्याचं काम बघायला न्यायचे तेव्हा हेच सांगायचे.

बरोबर पाणी घ्या, टोपी घ्या, चप्पल घाला आरामात फिरता येईल अशी. म्हाताऱ्या माणसांना जिन्याचा त्रास होईल पण खालचं आणि बाहेरचं बघितलं तरी पुरे. जानेवारीत आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो, तेव्हा जमलं तर संध्याकाळी या, दिवे लागलेल्या या भिंतींसमोर बसून गाणं ऐकायचं सुख वेगळंच. तिथून जवळच थिबा पॉइंट, मावळतीला खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत दिसतो, आणि वेळ असेल तर पलीकडे भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत जाऊन बसा. आम्ही बसलो, भाच्याने डब्यातले घावणे आणि नारळाची चटणी काढली आणि तासभर फ्रान्सचं नाव सुद्धा काढलं नाही.

रेटिंग पाचपैकी पाच, आणि माझ्या हातात असतं तर त्या खिडकीला वेगळे पाच.

परत जायचं ठरलंय, जुलैत, मुद्दाम धो धो पावसात. महिरपीवर पडलेलं पाणी ते लाकूड बाहेर कसं टाकतं, खालच्या चौकटीला उतार कुठे दिलाय, ते मला कोरड्या दिवसात नीट कळलं नाही. भाचा तोपर्यंत पुण्याला असेल, त्याने सांगून ठेवलंय, मामा, व्हिडिओ काढ आणि पाण्याचा आवाज येईल असा काढ.